वर न गेलेले हात

माझ्या नोकरीविषयी काही लिहायचं, तर पहिलं नाव निर्मला पाटणकर बाईंचं. माणगावच्या शाळेत त्या आम्हाला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायच्या. इतिहासात लढाया असत, त्यामुळे मुलं जागी राहत. नागरिकशास्त्राला मागचे बाक डुलक्या काढत. त्यावर बाईंनी उपाय शोधला होता. शनिवारी शेवटच्या तासाला वर्गाची सभा. एकाने ठराव मांडायचा, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, एकाने तरी विरोधात बोलायचंच आणि एकाने अध्यक्ष व्हायचं. ठराव कसले, तर 'खडू फेकेल त्याने आठवडाभर फळा पुसावा' असले. पण अध्यक्ष होणाऱ्या मुलाला बाईंची सक्त ताकीद असे, "तुझं मत चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायचं. आत बसून दुसऱ्यांची ऐकायची आणि नीट मोजायची."

माझे वडील भाताच्या गिरणीत हमाल होते. सातवी झाल्यावर मला त्याच गिरणीत लावायचं ठरलं, मालकाशी बोलणंही झालं. बाईंना कोणी सांगितलं कोण जाणे, त्या थेट गिरणीत आल्या. कोंडा उडत होता, इंजिन धडधडत होतं. त्या आवाजात ओरडून त्या वडलांना म्हणाल्या, "पोती कुठे पळून जात नाहीत. मुलगा अजून थोडी वर्षं माझ्याकडे राहू द्या." वडलांनी डोक्यावरचं फडकं काढलं, हात पुसले आणि म्हणाले, "तुम्ही इथवर आलात, आता मी काय बोलणार?" आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो तो त्या एका फेरीमुळे.

पुढच्या पायऱ्या सांगत बसत नाही. महसूल खात्यात कारकून, मग अव्वल कारकून, मग नायब तहसीलदार. हे सगळं सेवापुस्तकात आहे, आणि दुसऱ्याचं सेवापुस्तक कोणी आवडीने वाचत नाही. सांगायचं आहे ते पनवेलच्या कचेरीत असताना माझ्या वाट्याला आलेल्या एका कामाबद्दल. ते काम म्हणजे सरपंचावरच्या अविश्वास ठरावाच्या सभा घेणं.

सरपंच निवडून कसा येतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मुदत संपायच्या आत तो घरी कसा जातो, हे थोड्यांनाच ठाऊक असतं. त्याला दोन वाटा. सरपंचाने पदाचा गैरवापर केला, कामात कसूर केली, तर जिल्हा परिषदेकडे तक्रार करायची. चौकशी होते, जबाब होतात, कागद पंचायत समितीतून अलिबागला जातात, आणि आरोप सिद्ध झाला तर त्याला पदावरून काढतात. ही वाट सरळ, पण लांब. दुसरी वाट पंचायतीच्या सदस्यांची. त्यांनी सह्या करून तहसीलदारांकडे नोटीस द्यायची की आमचा सरपंचावर विश्वास नाही. मग आठवड्याच्या आत तहसीलदार सभा बोलावतात आणि स्वतः, किंवा अधिकार देऊन नायब तहसीलदाराला पाठवून, ती चालवतात. एकूण सदस्यांपैकी दोन तृतीयांश ठरावाच्या बाजूने गेले की सरपंच गेला. ठराव पडला, तर मात्र पुढे बराच काळ पुन्हा आणता येत नाही, आणि त्या काळात सह्या करणाऱ्यांची काय दशा होते ते गावात राहणाऱ्यालाच कळतं.

आमचे तहसीलदार मोबदल्याच्या फायलींत बुडालेले असत. नवीन पनवेलचे सेक्टर उभे राहत होते, जमिनी जात होत्या, कचेरीचं आवार गावोगावच्या माणसांनी भरलेलं असे. त्यामुळे अशा सभा बहुधा माझ्याकडे यायच्या.

एकेक नग भेटत. एका गावी सरपंचाने सभेआधी तीन सदस्यांना जीपमध्ये घालून देवदर्शनाला नेलं. सभा संपल्यावर ते कपाळाला अंगारा लावून हजर. एकजण म्हणाला, "रावसाहेब, देवाचं बोलावणं आलं की जावं लागतं."

मी म्हटलं, "नेमकं सभेच्या दिवशी कसं आलं?"

"त्याला पन नोटीस गेली असंल."

दुसऱ्या एका गावी सरपंच जिंकण्याच्या खात्रीने पेढ्यांचा पुडा घेऊनच सभेला बसला होता. ठराव मंजूर झाला, त्याचं पद गेलं. त्याने पुडा सोडला आणि सगळ्यांना पेढे वाटले. "खा रे," म्हणाला, "परत घरी नेले तर बायको इचारंल काय झालं."

अशा सभांतून हसत परत यायचो. एका सभेतून मात्र हसत आलो नाही, आणि तिचा शेवट लागेपर्यंत मला धड जेवणही गेलं नाही.

गावाचं नाव देत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. पनवेलच्या एस.टी. स्टँडवरून तासाभराच्या आत पोचता येईल असं डोंगराच्या बाजूचं गाव. खाली मोठं गाव, वर कातकऱ्यांची वाडी. बायकांच्या राखीव जागांची पहिली निवडणूक होऊन अडीच वर्षं झाली होती आणि तीत वाडीतली सोमीबाई पंचायतीची सदस्य झाली होती. ती एक दिवस कचेरीत आली. माझ्या टेबलासमोर उभी राहून तिने विचारलं, "सायेब, सरपंच काढायचा अर्ज कुठं भेटतो?"

शेजारचे कारकून हसले. एकजण म्हणाला, "बाई, रेशनकार्डाची खिडकी तिकडे."

सोमीबाई त्याच्याकडे वळली. "रेशनकार्ड हाय माज्याकं. सरपंच नकोय."

मी तिला बसायला सांगितलं. गावच्या नळयोजनेला दोन व्हॉल्व्ह होते, एक गावाचा, एक वाडीचा. वाडीचा व्हॉल्व्ह जमिनीतल्या चेंबरमध्ये होता. सरपंच पांडूशेठने त्या चेंबरला कुलूप लावलं होतं आणि किल्ली स्वतःच्या करगोट्याला बांधली होती. शेठ म्हणजे व्यापारी असं नव्हे. त्या पट्ट्यात जमीन विकून जीप घेतली की माणूस शेठ होतो. वाडीने मतं दुसऱ्याला दिली, हा एक राग. दुसरं कारण असं की गावाच्या वेशीवर, डोंगराच्या चढावर, मुंबईच्या लोकांची फार्महाऊसं झाली होती आणि पाणी तिकडच्या हिरवळीला जात होतं. वाडीतल्या बायका ओढ्याच्या वाळूत खड्डे खणून, झिरपणारं पाणी वाटीने हंड्यात भरत होत्या.

"तक्रार केलीस का?" मी विचारलं.

"क्येली. पंचायत समितीचा मानूस आला. पांडूशेठच्या वटीवर बसला, कोंबडी खाल्ली, बोलला पाइप जुना हाय."

मी तिला दोन्ही वाटा समजावून सांगितल्या. तिच्या तक्रारीवर आमच्या कचेरीचं पत्र जोडून ती पुन्हा जिल्हा परिषदेकडे पाठवायची व्यवस्था केली. आणि सांगितलं, अविश्वासासाठी तुमच्या नऊ जणांपैकी सहा लागतील.

"माजा एकटीचा हात चालायचा नाय?"

"नाही."

"मंग पाच आनते," ती म्हणाली आणि उठली.

मला ते खरं वाटलं नव्हतं. पण काही दिवसांनी खरंच सहा जण नोटीस घेऊन आले. पुढे उपसरपंच बाळाराम, त्याच्यामागे हिराबाई नावाची ठसठशीत बाई, आणखी तिघे आणि सगळ्यांच्या मागे सोमीबाई. प्रत्येकाला समोर उभं करून सही तुमचीच ना, कोणी जबरदस्ती केली नाही ना, असं विचारायचं असतं. बाळारामला कारण विचारलं तर तो म्हणाला, "बोली झाली व्हती रावसाहेब. निम्मी मुदत त्याची, निम्मी माजी. आता उठायला नको बोलतंय."

"आणि वाडीचं पाणी?"

"ते पन लिवा," बाळाराम म्हणाला.

म्हणजे पाण्यासाठी आलेली एकटी सोमीबाई, बाकीचे पाळीसाठी आलेले. मला तेव्हा वाईट वाटलं. नंतरच्या वर्षांत माझं मत बदललं. निवडून आलेल्या माणसाला जाब विचारायला शुद्ध मनाचेच लोक हवेत असं म्हटलं, तर जाब विचारलाच जाणार नाही.

सभेच्या दिवशी दुपारी मी गावात पोचलो. पंचायतीची खोली एकच, बाहेर कट्ट्यावर आणि रस्त्यावर माणसंच माणसं. वाडीतल्या बायका लांब चिंचेखाली बसल्या होत्या. पांडूशेठ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत दारातच उभा होता.

"या रावसाहेब, चा घ्या आदी."

"चहा सभेनंतर."

"सभेनंतर मी सरपंच नसलो तर चा कोन देल तुमाला?"

"मग नवीन सरपंच देतील."

बाहेर हशा पिकला. पांडूशेठही हसला. तो फारच निवांत वाटत होता, आणि सोमीबाई सोडून सह्या करणारे पाचही जण मान खाली घालून बसले होते. हे लक्षण मला बरं दिसलं नाही, पण कारण कळेना.

ठराव वाचला. बाळारामने मांडला, इतक्या हळू आवाजात की मला पुन्हा बोलायला सांगावं लागलं. ज्याच्यावर ठराव आहे त्या सरपंचाला बोलायचा हक्क असतो. पांडूशेठ उभा राहिला. समाजमंदिर, रस्ता, शाळेचे पत्रे, सगळं सांगितलं. पाण्यावर म्हणाला, "वाडी उंचावर हाय, वर दाब पोचत नाय, त्याला मी काय करू?"

सोमीबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "आमच्या नलाला दाब पोचत नाय, आनि बंगल्याच्या कारंज्याला कंचा दाब हाय रं? तो तर वाडीच्या पन वर हाय."

बाहेरून शिट्टी आली. मी शांत राहायला सांगितलं आणि मतदान पुकारलं. "ठरावाच्या बाजूने जे असतील त्यांनी हात वर करा."

सोमीबाईचा हात वर गेला. बाकी एकही नाही.

मी पुन्हा पुकारलं. बाळाराम आपल्या तळव्याकडे बघत होता. हिराबाईने दोन्ही हात पदराखाली घेतले होते. पांडूशेठ खुर्चीला टेकून बसला आणि म्हणाला, "मोजा की रावसाहेब. एक हाय. मोजायला येल लागत नाय."

तो एक हात तसाच वर होता. ती बाई आजूबाजूला बघत होती. आपल्याबरोबर आलेल्यांना काय झालं, हे तिला कळत नव्हतं. चिंचेखालच्या बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. मी 'ठराव फेटाळला' एवढे दोन शब्द उच्चारले की संपलं. व्हॉल्व्हचं कुलूप तसंच, आणि वाडीचं पुढे काय होणार हेही उघड. माझं स्वतःचं मत त्या वेळी काय होतं, हे सांगायला नकोच. ते दाराबाहेर ठेवायची सवय नसती, तर मी त्या खोलीत काहीतरी भलतंच बोलून बसलो असतो.

अध्यक्षाला एक गोष्ट मात्र करता येते. मी म्हटलं, "निकाल सांगण्याआधी कोणाला काही विचारायचं आहे का?"

मग हिराबाई म्हणाली, "सायेब, हात वर नाय केला, नुसतं तोंडानं सांगितलं तर चालंल?"

"का? हात वर का नाही?"

"आमाला शपत हाय."

मग सगळं बाहेर आलं. आदल्या दिवशी पांडूशेठने सगळ्या सदस्यांना गावदेवीच्या देवळात बोलावलं होतं. त्याचे चुलते काशिनाथकाका, तेही सदस्यच, गावात वडीलधारे. देवीपुढची शपथ तेच घालत. एकेकाला नारळावर हात ठेवायला लावून वदवून घेतलं होतं, 'उद्याच्या सभेत पांडूच्या विरुद्ध हात वर करनार नाय.' त्या गावात नारळाची शपथ मोडणारा माणूस अजून जन्मला नव्हता. मोडली तर पुढे घरात जे काही वाईट होईल, ते त्यामुळेच झालं असं जन्मभर ऐकावं लागतं. पांडूशेठला कचेरीची पद्धत पाठ होती, म्हणून त्याने शपथही कचेरीच्या भाषेत घालायला लावली होती.

फक्त सोमीबाईला बोलावलं नव्हतं. कातकरणीला देवळात कोण बोलावणार? सगळे हात त्याने बांधले होते, आणि ज्या हाताला त्याने बांधण्याइतकीही किंमत दिली नव्हती, तो वर होता.

पांडूशेठ उठला. "रावसाहेब, अविश्वासाला हात वर करतात. आजवर तसंच झालंय. तुमी नवीन काय तरी काढू नका."

"आजवर तसं झालंय, हे खरं," मी म्हणालो. नियमांची पुस्तिका माझ्या पिशवीत होती. ती काढून सगळ्यांदेखत पानं चाळली. हात वर करणं हा आमच्या कचेरीचा शिरस्ता होता. हाताशिवाय दिलेलं मत घेऊच नये, असं काही मला त्यात सापडलं नाही. हा निर्णय चुकला तर उद्या मेमो मला, आणि ठराव रद्द झाला तर मार या लोकांना. पण कोण कोणत्या बाजूला आहे हे जाणून घेण्यासाठीच मला तिथे पाठवलं होतं, आणि ते मला अजून कळलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "हजेरीच्या क्रमाने नाव घेईन. ज्याचं नाव घेईन त्याने उभं राहून 'बाजूने' किंवा 'विरुद्ध' एवढंच सांगायचं. सरपंचांनाही विचारणार आहे."

बाळाराम उभा राहिला. "बाजूनं." हिराबाई उभी राहिली, पदराखालून हात काढले आणि ते पाठीमागे धरून म्हणाली, "बाजूनं." आणखी दोघे बाजूने गेले. सह्या करणाऱ्यांपैकी पाचवा माणूस उठला, पांडूशेठकडे बघितलं आणि "विरुद्ध" म्हणून खाली बसला. त्याच्या मुलाला फार्महाऊसवर कामाला लावलं होतं, हे नंतर समजलं. पांडूशेठ विरुद्ध, त्याचा मेव्हणा विरुद्ध. सोमीबाईचं नाव घेतलं. ती "बाजूनं" म्हणाली, पण हात काही खाली घेईना. तिला वाटत असावं, आपण हात खाली घेतला तर मत जाईल.

बाजूने पाच. राहिले एकटे काशिनाथकाका.

म्हातारा काठीवर भार देऊन उठला. पांडूशेठ म्हणाला, "काका, शपत तुमीच घातलीय."

"घातली," काका म्हणाले. "तू जी सांगितलीस तीच घातली."

"मंग?"

"मंग काय? देवीनं आमचे हात बांधलं. तोंड बांधा असं तू बोलला नव्हतास." मग ते माझ्याकडे न बघता सोमीबाईकडे वळले. "पोरी, हात खाली घे आता. दुखंल." आणि मला म्हणाले, "लिवा. बाजूनं."

"काका, रगत हाय आपलं," एवढंच पांडूशेठ म्हणाला.

"रगताला पन तहान लागते," काका म्हणाले आणि बसले.

मी निकाल सांगितला, इतिवृत्तावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या, सोमीबाईचा अंगठा घेतला. चहा त्या दिवशी कोणीच दिला नाही. चिंचेखालच्या बायका मात्र कचेरीच्या जीपमागे मोठ्या रस्त्यापर्यंत आल्या.

खरा त्रास पुढे सुरू झाला. आमचे तहसीलदार कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, सरळ हात मोजून यायचं ना! नवी प्रथा कशाला पाडलीत?" पांडूशेठने जिल्हाधिकाऱ्यांकडे वाद दाखल केला. म्हणणं एकच, हात एकच वर गेला होता. मला अलिबागला बोलावणं आलं. एकदा तारीख पडली, मग पुन्हा पडली. कचेरीतले लोक सहानुभूतीने माझ्यासाठी चहा मागवू लागले, त्याने तर मी आणखीनच घाबरलो. गावाचा कारभार आता उपसरपंच म्हणून बाळारामकडे आला होता, पण त्याने वाडीच्या व्हॉल्व्हला हात लावला नाही. "निकाल उलटा आला तर पांडूशेठ मना जित्ता ठेवंल काय?" असं तो मला कचेरीच्या जिन्यात म्हणाला. म्हणजे माझ्या एका निर्णयावर माझा मेमोच नव्हे, वाडीचं पाणीही अडकलं होतं. सोमीबाई दर बाजाराच्या दिवशी येऊन विचारायची, "आला का कागद?" आणि मी "नाही" म्हणायचो.

शेवटी कागद आला. प्रत्येक सदस्याचं मत स्पष्टपणे आणि सर्वांसमोर नोंदवलेलं आहे, अध्यक्षाने कोणावर दबाव आणलेला नाही, ठराव कायम. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि खुर्चीत मागे टेकलो. शिरस्तेदार म्हणाले, "आता तरी पंखा लावू द्या, एवढे दिवस तुम्ही थंडीने काकडल्यासारखे बसलेले होतात."

एक रुखरुख आजही आहे. सोमीबाईची पाण्याची तक्रार, जी खरी गैरवर्तनाची तक्रार होती, तिची फाइल 'संबंधित व्यक्ती आता पदावर नाही' असा शेरा मारून बंद झाली. पांडूशेठने सदस्यांचा विश्वास गमावला, एवढंच सरकारी कागदावर राहिलं. वाडीचं पाणी तोडणं हा गुन्हा होता, असं कुठल्याच कागदाने कधी म्हटलं नाही. म्हणून इथे मी म्हणून ठेवतो.

त्यानंतर महिनाभराने मी पाटणकर बाईंना पत्र लिहिलं. त्या निवृत्त होऊन माणगावलाच राहत होत्या, डोळ्यांनी अधू झाल्या होत्या. प्रत ठेवल्याशिवाय पत्र टाकायचं नाही, ही कचेरीची खोड. म्हणून ते पत्र आज माझ्याजवळ आहे.

*

आदरणीय बाईंना शिरसाष्टांग नमस्कार,

हे पत्र आपली भाची वाचून दाखवील. तिला सांगावं की मधे एका बाईचं बोलणं आहे, ते जोरात वाचावं, कारण ती तसंच बोलते.

मागच्या पत्रात मी ज्या सभेबद्दल लिहिलं होतं, तिचा निकाल लागला. ठराव टिकला. आपण उत्तरात लिहिलं होतं की 'चुकला असशील तर मान्य कर, बरोबर असशील तर गप्प बस आणि वाट बघ.' मी गप्प बसलो होतो, पण बाई, फार भ्यालो होतो. ते आता सांगायला हरकत नाही.

काल त्या गावी गेलो. बाळाराम आता सरपंच झाला आहे. त्याच्याकडे व्हॉल्व्हची किल्ली आली आणि त्याने काय करावं? ती आपल्या कमरेला बांधली! म्हणाला, किल्ली सरपंचाकडे असायची पद्धत आहे. मी काही बोलण्याआधी सोमीबाई त्याच्या ओटीवर जाऊन बसली आणि म्हणाली, "पांडूशेठ कसा गेला ते तू लांबून नाय बघितलास बाळ्या, बाजूलाच बसला व्हतास." आजूबाजूची माणसं हसली. बाळारामही हसला, पण किल्ली सोडून दिली. आता ती पाणी सोडणाऱ्या माणसाकडे राहील. काशिनाथकाका त्याला रोज सकाळी आठवण करणार आहेत म्हणे.

मग वाडीवर गेलो. नळाला पाणी होतं. बायकांची रांग होती, भांडणं चालली होती, एकीचा हंडा दुसरीने सरकवला म्हणून. बाई, पाण्यावरून चाललेलं भांडण ऐकून इतकं बरं वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तिथे कोणी माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

सोमीबाईने जर्मनच्या पेल्यात पाणी भरून आणलं. पाइपात तापलेलं होतं, थोडी गंजाची चवही होती. मी सगळं प्यायलो आणि आणखी मागितलं.

आपला विद्यार्थी,
वसंत